आधी फर्स्ट इयर तर निघू दे

जून संपत आला होता. पावसाने एकदा तोंड दाखवलं आणि मग तो गेला तो गेलाच. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात प्रवेशाची धांदल चाललेली. ऑफिसच्या खिडकीपुढची रांग जिना उतरून सायकल स्टँडपर्यंत पोचली होती, त्यातच लाइट गेलेली, आणि व्हरांड्यात टेबल टाकून मी अर्ज तपासत होते. मार्कशीटची झेरॉक्स, टीसी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार. घामाने कागद बोटांना चिकटत होते. सकाळपासून दीडेकशे मुलं समोरून गेली असतील. एखादा चेहरा लक्षात राहावा असा तो दिवस नव्हता, तरी एक राहिला. बी.एस्सी. पहिलं वर्ष, मेजर विषय गणित. मुलगी एकटीच आली होती, तापीकाठच्या एका गावाहून, सकाळच्या एस.टी.ने. तिने ओढणीच्या टोकाने आधी माझ्या टेबलावरची धूळ पुसली, मग फाइल ठेवली. सही करून मी अर्ज पुढच्या टेबलाकडे सरकवला तरी ती हलेना. "मॅडम, एक विचारू का?" म्हणाली. मी मान हलवली. "मला गणितात पीएच.डी. करायची आहे. त्यासाठी आतापासून काय काय करायला लागेल?" आणि फाइलमधून दोनशे पानी वही काढून तिने शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. पट्टीने आखलेला तक्ता होता. डावीकडे वर्षं, २०२५ पासून थेट २०३५ पर्यंत. वर रकाने: शिक्षण, परीक्षा, कुठे, पैसे. बहुतेक चौकोन रिकामे होते. 'पैसे'च्या रकान्यात मात्र ओळीने प्रश्नचिन्हं काढलेली, प्रत्येक वर्षापुढे एक.

मी हसले. लहान मूल काहीतरी मोठं बोलून गेलं की आपण हसतो, तशी. मागे रांग होती, दोन मुलं वाकून तिच्या वहीत बघत होती, आणि मला पुढचा अर्ज दिसत होता. "बेटा, आधी फर्स्ट इयर तर निघू दे," मी म्हणाले, "मग बघू."

"हो मॅडम," म्हणत तिने वही मिटली, फाइलमध्ये नीट सरकवली आणि मागच्या मुलाला जागा करून दिली.

संध्याकाळी भाकरी थापता थापता ते वाक्य मला परत ऐकू आलं. पण आवाज माझा नव्हता.

१९९४ साली, असल्याच एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजच्या जिन्यावर, आमच्या गणिताच्या सरांना मी जवळपास हेच विचारलं होतं. माझ्याकडे तक्ता नव्हता, एवढी अक्कलच नव्हती. सर, बी.एस्सी.नंतर गणितात आणखी पुढे काय असतं, एवढंच विचारलं होतं. सर भला माणूस. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाहीवर कायम खडूची भुकटी, आणि सीमा म्हणजे लिमिट शिकवताना आवाज असा खाली आणायचे की शेवटच्या बाकावरची पोरंही पुढे वाकायची. त्यांनी माझ्या खांद्याच्या वर कुठेतरी बघितलं आणि म्हणाले, "आधी पास तर हो." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पास होणं हीच आमच्या घरात मोठी गोष्ट होती. माझी आजी ओट्यावर बसून वाती वळायची आणि मला अभ्यास करताना बघून विचारायची, "काय करशी इतलं शिकीसन?" त्या विचारण्यात टोमणा नसे. तिला खरंच जाणून घ्यायचं असे, की इतकं शिकून ही पोर शेवटी करणार काय. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता वाटतं, सरांकडेही नव्हतं. त्यांनी स्वतः जे पाहिलं नव्हतं ते ते मला कुठून दाखवणार? उत्तर नसलं की माणूस प्रश्न पुढे ढकलतो, आणि वडीलधाऱ्यांनी पुढे ढकललेला प्रश्न लहानांना शहाणपणाचा सल्ला वाटतो.

तेव्हा आपलं विद्यापीठ जळगावात येऊन चारच वर्षं झाली होती. आमच्या आधीच्या सगळ्यांच्या पदवीवर पुण्याचं नाव असे, आणि पुणं म्हणजे भुसावळला गाडी बदलून जायचं गाव. लायब्ररीत गणिताची दोन कपाटं, दोन्हींना कुलूप, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई बहुधा जेवायला गेलेला. जाळीतून पुस्तकांचे कणे वाचायचे. टी.वाय.च्या वर्षी, फेब्रुवारी असावा, वडिलांनी बाजारातून भुईमुगाच्या शेंगा आणल्या. शेंगा खाऊन झाल्यावर पुडीचा कागद सरळ केला तर त्यावर मुंबईतल्या एका संस्थेची जाहिरात: गणितात संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रवेश परीक्षा, पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही पात्र, दरमहा विद्यावेतन. अर्जाची मुदत संपून दोन महिने झाले होते. तेलाचा डाग पडलेला तो कागद मी कितीतरी वर्षं एका पुस्तकात ठेवला होता. रडूबिडू काही आलं नाही. फक्त असं वाटलं, की ही सगळी दारं आधीपासून होती तर. उघडी होती. आणि आम्ही त्या गल्लीतून कधी गेलोच नाही.

पुढे जळगावला एम.एस्सी. केलं. ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली फार चांगली वर्षं. मग प्राध्यापकीसाठी लागणारी सेट परीक्षा, नोकरी, लग्न, मुलं, आणि पीएच.डी. झाली तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. रात्री अकरानंतर, भांडी आवरून, सकाळच्या डब्याची भाजी निवडून झाल्यावर जो वेळ उरे त्यात ती झाली. मला तिचा अभिमान आहे. पण बावीस-तेविसाव्या वर्षी, डोकं ताजं असताना, दिवसभर दुसरं काहीच काम नाही, आजूबाजूला तेच वेड असलेली माणसं आहेत, अशा जागी बसून गणित करणं म्हणजे काय, हे मला कळलं नाही आणि आता कळणार नाही.

आणि तरी त्या मुलीला मी तेच वाक्य दिलं.

'आधी फर्स्ट इयर तर निघू दे' हे ऐकायला किती समजूतदार वाटतं. पण आता खरी गोष्ट उलटी झाली आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीचं चौथं वर्ष संशोधनासह करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के लागतात, आणि त्या सहांत पहिलं सेमिस्टर येतंच. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवली तर यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमांनुसार थेट पीएच.डी.च्या प्रवेशाला बसता येतं. पहिलं सेमिस्टर हेच आमच्या मुलांचं सगळ्यात कच्चं. बारावीपर्यंत गणित म्हणजे सूत्र लावून उत्तर काढणं, आणि इथे पहिल्याच महिन्यात इंग्रजी पुस्तकातून एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे लिमिटची काटेकोर व्याख्या, समोर येतो, सिद्ध करा म्हणतात. मराठी माध्यमाची हुशार पोरं तिथे धडपडतात, चाळीस-पंचेचाळीसवर येतात, आणि आम्ही म्हणतो, काळजी करू नकोस, पहिलं वर्ष आहे. केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीचंही तसंच. बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाला गेलेल्या मुलाला वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले २०,००० उन्हाळ्यात कुणा संशोधकाकडे काम करण्यासाठी. पण अर्ज पदवीच्या पहिल्याच वर्षी करायचा. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा, बाप हमाल, दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर मला मोबाइलवर ती माहिती दाखवायला आला. मार्क बसत होते. वर्ष निघून गेलं होतं. त्याने फक्त विचारलं, "मॅडम, तुम्हाला माहीत नव्हतं का?" माहीत होतं. ऐकलं होतं. त्याच्या वर्गात जाऊन सांगितलं नव्हतं. तो आता पोलीस भरतीची तयारी करतो. रस्त्यात भेटला की अजून वाकून नमस्कार करतो, आणि मला तो नमस्कार घेववत नाही.

पण या सगळ्यापेक्षा मला जास्त टोचते ती शिफारसपत्राची गोष्ट. बाहेरच्या चांगल्या ठिकाणी, मग ते उन्हाळी शिबिर असो की फेलोशिप की परदेशातलं विद्यापीठ, शिक्षकांचं पत्र मागतात. अमेरिकेत पीएच.डी.ला अर्ज करायचा तर साधारणपणे तीन पत्रं. आमच्याकडे याची एक ठरलेली रीत आहे. पोरगं शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात येतं, कधी टाइप केलेला कागदच घेऊन येतं, आणि आपण सही करतो: सदर विद्यार्थी नियमित, आज्ञाधारक व कष्टाळू असून त्याची वर्तणूक चांगली आहे. एकदा एका मुलीसाठी मला ऑनलाइन फॉर्म भरायला आला होता. या विद्यार्थिनीला तुम्ही किती काळ, कोणत्या नात्याने ओळखता? तिने स्वतःहून विचारलेला एखादा प्रश्न सांगा. एखाद्या अवघड प्रसंगी ती कशी वागली? रात्री दीड वाजेपर्यंत मी त्या फॉर्मपुढे बसून राहिले. तीन वर्षं ती माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसली होती. तिचं अक्षर मला डोळे मिटून ओळखता आलं असतं. पण तिने विचारलेला एकही प्रश्न मला आठवेना, कारण तिने एकही विचारला नव्हता, आणि कारण मी तिला कधी तशी जागाच दिली नव्हती. शेवटी इंग्रजीत मी जे लिहिलं त्याचा अर्थ आज्ञाधारक असाच होत होता. आज्ञाधारक माणसाला संशोधनाला कोण घेईल? तिची निवड झाली नाही. तिला वाटतं तिचे मार्क कमी पडले.

पत्र शेवटच्या महिन्यात लिहायचं असतं, पण त्याचा मजकूर पहिल्या वर्षापासून साठवायचा असतो. तो दोघांनी मिळून साठवायचा असतो, शिकणाऱ्याने आणि शिकवणाऱ्याने. तेव्हा त्या मुलीने जूनमध्ये येऊन मला पीएच.डी.चं विचारलं, ते घाईचं नव्हतं. वेळेवर होतं. खरं तर अगदी नेमक्या वेळेवर.

हे सगळं लिहिताना मनात दुसरी बाजू उभी राहते, तीही खोटी नाही. सहावी-सातवीपासून क्लासच्या बॅगा वाहणारी मुलं मी रोज बघते. कुठल्या वर्षी कुठली परीक्षा, किती तास, किती टेस्ट, सगळं आखलेलं, आणि डोळ्यांत काहीच नाही. माझ्याच भाच्याचं असं झालं. गणितावर जीव असलेला पोरगा, कॅलेंडरच्या मागे कोडी सोडवत बसायचा. नववीत त्याच्या खोलीच्या भिंतीवर चार वर्षांचं वेळापत्रक लागलं, आणि बारावीनंतर तो म्हणाला, "मावशी, मला आता गणिताचं पुस्तक बघितलं की मळमळतं." तेव्हा त्या तक्त्याची मला भीतीही वाटली होती, हे मी नाकारणार नाही. अठरा वर्षांच्या मुलीने २०३५ साल लिहून काढावं आणि मधल्या सगळ्या वर्षांनी मुकाट त्या चौकोनांत येऊन बसावं, असं जगणं नसतं. शिवाय आणखी एक भीती, तिच्याकडे बघायला मला जास्त वेळ लागला. माझी राहून गेलेली वाट मी तिच्या पायाखाली तर घालत नाही ना? तिला दोन वर्षांनी वाटलं, की नको हे गणित, मला बँकेत जायचंय, तर मी मोकळेपणाने तिला जाऊ देईन ना? अजूनही मला याचं ठाम उत्तर देता येत नाही.

जुलैच्या शेवटी वर्ग सुरळीत झाले. ती तिसऱ्या बाकावर बसायची, काही बोलायची नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तास संपल्यावर मीच तिला थांबवलं. म्हटलं, "तुझी ती वही आणलीस का, शेवटच्या पानाची?" तिने चमकून बघितलं, मग दप्तरातून काढली. मला वाटलं होतं पान फाडलेलं असेल, किंवा तक्ता पुढे सरकलेला असेल. यातलं काहीच नव्हतं. तक्ता होता तसाच होता. फक्त २०२५च्या ओळीत, 'शिक्षण'च्या चौकोनात, सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: आधी फर्स्ट इयर. खाली तारीख, प्रवेशाच्या दिवसाची.

तिने माझ्या वाक्याची सूचना म्हणून नोंद केली होती.

मी खुर्ची ओढून बसले, तिला समोर बसवलं, आणि जे माहीत होतं ते सांगायला लागले. 'जॅम' ही परीक्षा फेब्रुवारीत असते, तीन तास, साठ प्रश्न, शंभर गुण, आणि तिच्यातून आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं. तिचा अर्ज मात्र आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच भरायचा, म्हणजे तिसरं वर्ष सुरू होऊन जेमतेम तीन महिने होतात न होतात तोच. त्यात लिनिअर अल्जेब्रा आणि ग्रुप थिअरी येते, ती वर्गात शिकवली जाण्याची वाट बघत बसलं तर उशीर होतो, म्हणून दुसऱ्या वर्षापासून आपली आपण वाचायची. गणिताच्या मुलांसाठी १९९३ पासून देशात एमटीटीएस नावाचं उन्हाळी शिबिर चालतं, चार आठवडे, पाठांतर नाही, नुसतं विचार करायला लावतात. त्याची पहिली पायरी दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी असते. माधव गणित स्पर्धा असते. विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप असते, तिचा अर्ज साधारण नोव्हेंबरपर्यंत. उन्हाळ्याच्या सगळ्या गोष्टी हिवाळ्यात ठरतात, हे एकदा लक्षात ठेव म्हटलं. चौथं वर्ष संशोधनाचं घ्यायचं तर विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक लागतात, आपल्याकडे तेवढे नाहीत, तेव्हा जळगावला जावं लागेल किंवा तीन वर्षांवरच बाहेर पडून एम.एस्सी. हेही सांगितलं. ती भराभर लिहीत होती. मग मी तिचा पेन थांबवला. म्हटलं, हे चौकोन तू शिसपेन्सिलीने भर. आणि आठवड्यातून एक दिवस मला असा प्रश्न विचारायला ये, की जो परीक्षेत येणार नाही. तिला हे दुसरं फारसं कळलं नाही असं दिसलं. पण ती येऊ लागली. दर गुरुवारी, तास सुटल्यावर.

त्याने तिची अडीचची एस.टी. चुकायला लागली. नंतरची गाडी थेट साडेपाचला. तिसऱ्या गुरुवारी तिचे वडील आले. कॉलेजच्या फाटकाशी चपला काढाव्यात की नाही याचा विचार करत उभे होते. दोन एकर कोरडवाहू कापूस आणि बाकी दिवस दुसऱ्यांच्या बागांत केळीकापणी. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, जे कितीही धुतले तरी जात नाहीत. आत येऊन उभ्यानेच म्हणाले, "मॅडम, पोरनं काही चुकनं का?" मी म्हटलं, "नाही हो भाऊ, बसा." आणि त्यांनाही सांगितलं. तीन वर्षं पदवी, दोन एम.एस्सी., मग पाच-सहा पीएच.डी. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. "म्हंजे अठ्ठावीस-एकोणतीस वरीसनी व्हई जाई," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्या गप्प राहण्यात काय काय होतं ते मला कळत होतं. गाव होतं, भाऊबंद होते, पुढच्या लग्नसराईत येणारी स्थळं होती. मग मी त्यांना ती गोष्ट सांगितली जी आमच्या भागात जवळजवळ कुणाला ठाऊक नसते: पीएच.डी. करणाऱ्याला फी भरत बसावं लागेलच असं नाही, उलट जेआरएफ, म्हणजे परीक्षा देऊन मिळणारी संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये मिळतात आणि पुढे ४२,०००. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. "शिकाना पैसा देतस?" पुन्हा एकदा विचारलं. देतात म्हटलं. परीक्षा अवघड असते, खूप मुलं बसतात, थोड्यांना मिळतात, हेही सांगितलं. खोटी आशा लावून मला त्यांना घरी पाठवायचं नव्हतं.

जायला निघाले तेव्हा दारात थांबून ते म्हणाले, "घड कापाना पहिलेच पील राखनं पडस, मॅडम. नंतर राखीसन काय फायदा?"

ज्यांनी केळीची बाग जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतच राहतात. ती वेळोवेळी कापून टाकतात, नाहीतर आईचं सगळं बळ तीच खातात. पण झाड निसवायच्या सुमाराला, घड अजून पोटात किंवा नुकता बाहेर आलेला असताना, त्यातलं एक चांगलं पील राखतात. घड कापेपर्यंत ते गुडघ्याच्या वर आलेलं असतं, आणि पुढच्या वर्षीची बाग त्याच्यावर उभी राहते. पिलबाग म्हणतात तिला. पहिल्या घडाचं अजून काहीच ठरलेलं नसतं तेव्हा दुसऱ्याची निवड करावी लागते. सगळी पिलं ठेवून चालत नाही आणि एकही न ठेवून चालत नाही. आणि वारा आला तर दोन्ही जातं. हे सगळं त्या माणसाला माझ्यापेक्षा किती तरी आधीपासून ठाऊक होतं. ओट्यावर वाती वळणाऱ्या माझ्या आजीलाही ठाऊक असणार. आम्ही शिकलेल्यांनी मध्येच कुठे तरी 'आधी हे होऊ दे' शिकून घेतलं.

त्या रात्री मला पाटणादेवीची आठवण झाली. दोन वर्षांपूर्वी मुलांची सहल घेऊन गेलो होतो, श्रावणात. चाळीसगाव सोडलं की डोंगर जवळ यायला लागतात, गौताळ्याचं रान हिरवं गच्च झालेलं, धबधब्यांच्या बारीक पांढऱ्या रेघा. मुलं फोटो काढत होती आणि मी त्यांना पाटणच्या शिलालेखाबद्दल सांगत होते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ काढला, त्याचा तो लेख, १२०७ सालच्या सुमाराचा. बहुतेक संस्कृत, पण शेवटी जुनी मराठी येते, आणि तिथे हिशोब आहे. या पाटणात विकायला जो माल उघडला जाईल त्यावरचा राजाचा वाटा मठाला दिला, असा. तेव्हा मी ते एक नवल म्हणून सांगितलं होतं. आता मला त्यातला तो हिशोबच पुन्हा पुन्हा दिसत होता. आठशे वर्षांपूर्वी आपल्याच खानदेशात, जंगलाच्या कडेला, कुणीतरी बसून विचार केला होता, की गणित शिकणारी पोरं खातील काय. आणि ते नुसतं मनात न ठेवता दगडावर कोरून घेतलं होतं, म्हणजे पुढे कुणी नाही म्हणायला नको. त्या मुलीच्या तक्त्यातला 'पैसे'चा रकाना माझ्या डोळ्यांपुढे आला. अकरा प्रश्नचिन्हं, एकाखाली एक.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी तिने अखेर तो प्रश्न आणला. वर्गात त्या आठवड्यात दोनचं वर्गमूळ अपरिमेय आहे, म्हणजे अपूर्णांकात मांडता येत नाही, हे सिद्ध करून झालं होतं. समजा ते p भागिले q आहे, दोघांत सामाईक अवयव नाही, वर्ग करा, मग p सम, मग q सम, मग विरोध. तीनचंही तसंच होतं हे गृहपाठाला दिलं होतं. सगळ्यांनी करून आणलं. ही फळ्याजवळ उभी राहून म्हणाली, "मॅडम, मी असंच चारचं करून बघितलं. चारचं वर्गमूळ तर दोन आहे, म्हणजे ते अपरिमेय नाही. पण मी तशाच्या तशा ओळी लिहिल्या तर ते अपरिमेय निघतंय. म्हणजे आपली कुठली तरी ओळ खोटी आहे. कुठली, ते मला कळत नाहीये."

मी उत्तर सांगितलं नाही. खडू तिच्या हातात दिला आणि बाकावर जाऊन बसले. तिने सगळ्या ओळी फळ्यावर लिहिल्या. खोडल्या. परत लिहिल्या. बाहेर वारा सुटला होता, पावसाचा वास येत होता, शिपाई एकदा डोकावून गेला. तिला भान नव्हतं. साडेपाचची गाडी यायला वीस मिनिटं उरली तेव्हा ती एका ओळीवर बोट ठेवून तशीच उभी राहिली. "चारने p च्या वर्गाला भाग जातो, म्हणून p ला भाग जातो," ती हळूहळू वाचत म्हणाली, मग थांबली. "p दोन असला तर? दोनचा वर्ग चार. चारला चारने भाग जातो. पण दोनला जात नाही." आणि माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर हसू नव्हतं, काहीतरी हरवलेलं अचानक हाताला लागावं तसा चेहरा होता. "मग मॅडम, दोनला आणि तीनला हे का चालतं?"

गाडीची वेळ झाली होती, मी तिला पळायला लावलं. फळा पुसला नाही.

घरी आल्यावर कपाटातून बँकेने दिलेली लाल पुठ्ठ्याची डायरी काढली, कोरीच होती. पहिल्या पानावर तिचं नाव लिहिलं. खाली तारीख घातली, आणि लिहिलं: आज तिने विचारलं, की चारच्या बाबतीत ही सिद्धता कुठे मोडते. फळ्यापाशी पन्नास मिनिटं उभी राहून तिने ती ओळ स्वतः शोधली. मग विचारलं, की दोनला आणि तीनला ती का मोडत नाही.